बाबा आढावांवर सहा फलक करायचेत, काय मांडावं?

फळा_आणि_खडू

मंडळी, १ जूनला बाबा आढावांचा जन्मदिवस. जन्म १९३० चा, ८ डिसेंबर २०२५ ला पुण्यात गेले, वय ९५. वाचनालयाच्या पडवीत त्यांच्यावर सहा फलक लावायचे ठरलंय, एकेक दोन फूट बाय तीन फूट. मजकूर जमवायला घेतला तर हाती आली फक्त विशेषणं. 'कष्टकऱ्यांचे कैवारी', 'झुंजार', 'उपेक्षितांचा आधारवड'. फोटो बदलला तरी हीच विशेषणं चालतील, म्हणजे मग सांगितलं काय?

मोठा आराखडा माहीत आहे. आयुर्वेदाचे डॉक्टर, राष्ट्र सेवा दलाचा माणूस, १९५२ मध्ये धान्याच्या महागाईविरुद्धच्या सत्याग्रहात तुरुंग, पुढे हमाल पंचायत, एक गाव एक पाणवठा, कष्टाची भाकर, कागद काच पत्रा, रिक्षा पंचायत. पण ही झाली जंत्री. यातल्या एकेका गोष्टीने नेमकं काय बदललं, ती चालते कशी आणि कुठे अडते, हे जाणकारांनी लिहावं ही विनंती. आणखी एक: फलकांच्या मधोमध एकच वस्तू ठेवायची आहे. कोणती ठेवू?

वाटाणा_फुटाणा

मी पयला! पावतीपुस्तक ठेवा. पुरोगामी संघटना दुसऱ्या कशाने ओळखूच येत नाही.

थप्पी_नंबर_चार

विनोद बाजूला ठेवू. पहिला फलक वजनाचा करा, कारण हमालाच्या आयुष्यात पहिला प्रश्न वजनाचा.

मेट्रिक मापं यायच्या आधी भुसाराचं पोतं साधारण अडीच मणाचं असायचं. बंगाली मण धरला तर ते ९३ किलोच्या आसपास जातं. मेट्रिक आल्यावर हिशेबाला सोपं म्हणून सरळ क्विंटलचं पोतं झालं, १०० किलो. म्हणजे कागदावर सोय झाली आणि मानेवर सहा-सात किलो वाढले. साखरेचं पोतंही १०० चंच. उचलणारा स्वतः पन्नास-पंचावन्न किलोचा.

पोतं उचलतात कसं तेही लिहा, लोकांना कल्पना नसते. दोघं जण 'उचल' देतात, म्हणजे पोत्याचे कान धरून वर करतात, तिसरा खाली वाकून ते मानेच्या मागे, खांद्यांच्या पाटावर घेतो. मग वीस-पंचवीस पावलं चालायचं, आणि थप्पी उंच झाली की तिरक्या फळीवरून चढायचं. खरा धोका चालताना कमी आणि फळीवर जास्त. फळी घामाने किंवा सांडलेल्या डाळीने निसरडी होते, पाय सरकतो, पोतं पुढे जातं आणि कंबर मागे राहते. मणका तिथे जातो. चाळिशीनंतर गुडघे आणि मानेचे मणके कुरकुरायला लागतात, आणि अंगमेहनतीच्या माणसाला हलकं काम द्यायला कोणी बसलेलं नसतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त ओझं वाहू नये. हमाल संघटनांनी ५० किलोच्या पोत्याची मागणी धरली त्याला हा आधार. आज साखर, सिमेंट, धान्य ५० किलोत येतं म्हणून आपल्याला ते पहिल्यापासून तसंच असावं असं वाटतं.

फळा_आणि_खडू

हे भारी आहे. पण एक शंका. पोतं अर्धं झालं म्हणजे काम अर्धं झालं, मग व्यापारी दरही अर्धा देणार ना?

थप्पी_नंबर_चार

तिथेच तर मेख आहे. समजा १० टनांचा ट्रक. १०० किलोची १०० पोती, पाच जणांची टोळी, माणशी २० खेपा. दर पोत्याला १० रुपये धरला तर टोळीला १०००, माणशी २००. (दर निव्वळ उदाहरणाचा आहे, बाजारभाव समजू नका.)

आता तोच माल ५० किलोत भरला तर पोती २००, खेपा माणशी ४०. दर निम्मा केला की पैसे तेवढेच राहिले आणि चालणं दुप्पट झालं. वाकणं-उठणं दुप्पट, फळीवरचे चढ-उतार दुप्पट. म्हणून ५० किलोचा दर १०० किलोच्या निम्म्याहून जास्त हवा. करार करताना वजनाच्या मागणीला दराची मागणी जोडूनच ठेवावी लागते. नुसती वजनाची मागणी मान्य करून घेतली तर हमालाची पाठ वाचते आणि पोट मारलं जातं.

भुसारवाला

दुसरी बाजू कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बाबांबद्दल आदर आहेच. पण बाजारात हमाली, तोलाई (माल तोलण्याचे), वाराई (गाडी भरण्या-उतरवण्याचे) अशा तीन-चार वेगवेगळ्या नावांनी पैसे जातात. ट्रक भुईकाट्यावर मोजला गेला तरी तोलाई मागतात. काटा इलेक्ट्रॉनिक, आकडा पडद्यावर दिसतोय, मग तोलणाऱ्याने नेमकं काय तोललं? शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून हे कापलं जातं आणि शिव्या व्यापाऱ्याला. टोळीबाहेरच्या माणसाने पोतं उतरवलं तरी टोळीचा हक्क म्हणून पैसे मागायचे, ही कसली चळवळ?

कलम_काढा

@भुसारवाला, दोन गोष्टी एकत्र झाल्यात तुमच्या, त्या सोडवू.

भुईकाट्याने अख्ख्या गाडीचं वजन कळतं. शेतकऱ्याचा माल लॉटप्रमाणे विकला जातो, एका गाडीत चार शेतकऱ्यांचा माल असतो, आणि एकाच शेतकऱ्याच्या मालात प्रत वेगळी निघाली की भाव वेगळा. तिथे पोत्यागणिक काटा लागतो, नोंद लागते, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करावं लागतं. ते काम तोलणार करतो. एकाच मालकाचा सरसकट माल भुईकाट्यावर मोजून थेट गोदामात गेला तर तुमची तक्रार रास्त आहे, त्यावर वाद होतात आणि झालेही पाहिजेत.

दुसरं. काम न करता पैसे मागणं हा माथाडी कायदा, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा कायदा, नाही. ती खंडणी, आणि त्यावर फौजदारी कलमं आहेत. कायद्याच्या नावाने बोगस टोळ्या उभ्या राहिल्या हे खरं आहे. त्यांची ओळख सोपी: त्या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे टोळीची नोंद आहे का, टोळीतल्या माणसांची नावं आहेत का, पैसे मंडळाच्या खात्यावर मागतात की रोख हातावर? रोख मागणारा माथाडी नव्हे. पावती मागा, बहुतेक जण तिथेच पांगतात.

वाटाणा_फुटाणा

बघा, शेवटी पावतीपुस्तकावरच आलात.

कलम_काढा

:) आता दुसऱ्या फलकाचा मजकूर देतो, कायद्याचा. हा सगळ्यात कोरडा वाटेल, पण जीव इथे आहे.

नाव: महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९. त्याआधी अडचण काय होती? हमाल सकाळी तीन गाळ्यांत काम करणार, दुपारी दुसऱ्या दोन. मालक कोण? कोणीच नाही. आणि मालक नाही म्हणजे भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, बोनस नाही, ग्रॅच्युइटी नाही. सगळे कामगार कायदे 'एक मालक, एक कामगार' धरून लिहिलेले, त्यात हा बसतच नव्हता. कायद्याने त्याला नाव दिलं, 'असंरक्षित कामगार'.

उपाय असा केला की मधे एक मंडळ बसवलं. कलम ३ खाली योजना, कलम ६ खाली मंडळ. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, सरकारी सदस्य एक तृतीयांशाहून जास्त नाहीत, अध्यक्ष सरकार नेमतं. गोदीतल्या कामगारांसाठी १९४८ मध्ये केंद्राने असा कायदा केला होता, त्याच वळणाचा हा.

चालतं असं. व्यापारी मंडळाकडे नोंद करतो. हमालही नोंद करतो, त्याला नंबर आणि टोळी मिळते. महिनाभर टोळीने काय उतरवलं, काय चढवलं त्याचा तक्ता मुकादम आणि गाळेवाला दोघांच्या सहीने होतो. व्यापारी ती मजुरी अधिक लेव्ही मंडळात भरतो. लेव्ही मंडळागणिक वेगळी असते. हिशेबासाठी ३० टक्के धरू: मजुरी १०,००० झाली तर धनादेश १३,००० चा. मजुरी मंडळाकडून कामगाराच्या खात्यात, आणि लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. लेव्ही मजुरीच्या वर भरायची असते. मजुरीतून कापली तर तो कायदेभंग.

बिघडतं कुठे:

एक, तक्त्यावर मजुरी कमी दाखवतात आणि उरलेली रोख देतात. कामगारालाही तेव्हा बरं वाटतं, पैसे आज हातात पडतात. वीस वर्षांनी निधी काढायला जातो तेव्हा रक्कम निम्मी दिसते.

दोन, बदली माणूस. नोंदलेला गावी जातो, त्याच्या नावावर पुतण्या काम करतो. अपघात पुतण्याला झाला तर कागदावर तो तिथे नव्हताच.

तीन, नाव. नोंदवहीत 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब', बँकेत वडिलांचं नाव आधी. निधी अडकतो. संघटनेच्या कार्यालयात निम्मा दिवस नावं जुळवण्यातच जातो.

याच साच्यावर १९८१ मध्ये सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला, बघा.

मस्जिदबंदर

कलम_काढा, तुमचं सगळं बरोबर, पण १९६९ चा कायदा बाबांच्या खात्यावर टाकू नका. मुंबईत माथाडींची संघटना उभी केली ती अण्णासाहेब पाटलांनी. कायद्यामागे त्यांचा लढा आहे. फलकावर एकट्या बाबांचा फोटो आणि खाली माथाडी कायदा असं आलं तर मुंबईची माणसं तुमचा फलक काढायला लावतील.

कलम_काढा

मान्य, मी श्रेय कोणाला दिलंच नव्हतं, पण फलकावर दोन्ही नावं हवीत. मुंबईत अण्णासाहेब, पुण्यात बाबा. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात हमाल पंचायत सुरू झाली, म्हणजे कायद्याच्या बरीच आधी. कायदा झाल्यावर तो कागदावरून बाजारात उतरवायचं काम प्रत्येक शहरात वेगळं करावं लागलं, ते फुकट होत नाही.

नाना_पेठी

'युनियन' न म्हणता 'पंचायत' म्हटलं याकडे लक्ष दिलंत का? हमाल पंचायत, रिक्षा पंचायत, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. गावाकडून आलेल्या माणसाला युनियन म्हटलं की गिरणीचा भोंगा आठवतो, पंचायत म्हटलं की पारावर बसून बोलायची जागा. सभेच्या सुरुवातीला जोतिबा फुल्यांचा अखंड, म्हणजे त्यांची अभंगासारखी रचना, तीही सगळ्यांनी मिळून म्हणायची. फलकावर अखंड घाला.

ज्वारी_मालदांडी

कष्टाची भाकर राहिली. १९७४ साली हमाल पंचायतीने सुरू केली, ना नफा ना तोटा तत्त्वावर. कल्पना साधी: माणूस दिवसभर ओझी वाहतो, त्याला दुपारी वडापावावर भागवायला लागू नये. आणि भाकरी करणाऱ्या बायकांना रोजगार.

पण 'साधी' म्हणताना जपून. शेकडो भाकऱ्या खायला सोप्या, रोज करायला नाहीत. एक किलो ज्वारीच्या पिठात नऊ-दहा भाकऱ्या होतात, हमालाच्या भुकेच्या भाकरीचा जाडपणा धरून. म्हणजे ५०० भाकऱ्यांना ५०-५५ किलो पीठ, एक अख्खं पोतं. पीठ रोजचं रोज दळलेलं लागतं. आठवडाभर पडलं की विरी, म्हणजे पिठाची धरून राहण्याची ताकद, जाते, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. विरी गेलेल्या पिठाला उकळतं पाणी घालून मळलं तर थोडं सावरतं, पण चव जाते. गव्हाची पोळी मशीनवर करता येते, ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसल्याने हाताचंच काम जास्त. आणि हात एका तासात किती? सराईत बाई तासाला चाळीसच्या पुढे फार जात नाही, तेही भट्टीसमोर.

म्हणून खर्चात सगळ्यात मोठा वाटा पिठाचा नसून मजुरी, जळण आणि जागेचा असतो. जागा बाजाराच्या आत मिळाली तर भाकर स्वस्त राहते, भाड्याने घेतली तर 'ना नफा' पहिल्या महिन्यातच 'तोटा' होतो.

वाटाणा_फुटाणा

सरकारने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर दिलीच की. त्यापुढे यांची भाकर महागच.

ज्वारी_मालदांडी

एक रुपयाची होती कारण उरलेले पैसे सरकार देत होतं. अनुदान थांबलं आणि केंद्रं बंद पडली, पुष्कळ ठिकाणी त्या टपऱ्यांत पुढे चहा-भजी विकली गेली. २०२० मध्ये शिवभोजन आलं १० रुपयांत, तेही अनुदानावरच. कष्टाची भाकर १९७४ पासून चालू आहे ती गिऱ्हाइकाच्या पैशावर. भाव ठरवताना वरचा रुपया कोण देणार हे आधी विचारावं, मग स्वस्त-महाग बोलावं.

वाटाणा_फुटाणा

गप्प बसतो. भूक लागली.

आडाचं_पाणी

एक गाव एक पाणवठ्यावर नुसतं नाव टाकून सोडू नका, ती त्यांची सगळ्यात अवघड मोहीम. १९७२ चा दुष्काळ. पाणी आटलं की जातीची विहीर उघडी पडते, कारण दलित वस्तीची विहीर उथळ असते आणि आधी कोरडी होते. मग वरच्या विहिरीवर जायचं, काठावर घागर ठेवायची आणि कोणी दया येऊन वरून ओतेपर्यंत थांबायचं.

कायदा आधीपासून होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले ठराव १९२३ चा, चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, अस्पृश्यता गुन्हा कायदा १९५५ चा. फुल्यांनी घरचा हौद त्याच्याही आधी, १८६८ मध्ये खुला केला. म्हणजे कागद भरपूर, आणि विहिरीवर स्थिती जुनीच. बाबा आणि सोबतचे लोक गावोगाव गेले ते नोंद घ्यायला: गावात विहिरी किती, सार्वजनिक किती, पाणी कोण शेंदतं, पोहरा-दोर कोणाचा.

यातला शेवटचा प्रश्न खरा. 'विहीर सर्वांना खुली आहे का' विचारलं की सरपंच हो म्हणतो, पाटीही दाखवतो. 'दोर कोणाचा' विचारलं की खरं बाहेर येतं. दोर स्वतःचा आणायचा, रहाटाला हात लावायचा नाही, ठरल्या वेळीच यायचं, एकाच बाजूने शेंदायचं, अशा शंभर अटी निघतात.

आणि फसतं कसं तेही लिहा. कार्यकर्ते असताना सगळे मिळून पाणी भरतात, फोटो निघतो, जीप गेली की आठ दिवसांत मागचे पाढे. पुढे शेतावरचं काम बंद, किराणा उधार बंद, गिरणीत दळण बंद. पोलीस विहिरीवर येतो, पिठाच्या गिरणीवर येत नाही. म्हणून एका दिवसाच्या पाणी भरण्याला मोहीम म्हणत नाहीत, मागे कोणीतरी गावात राहावं लागतं.

आणखी एक पळवाट अजून आहे: दलित वस्तीला स्वतंत्र नळकोंडाळं नाही तर बोअर देऊन टाकायचं. पाणी मिळालं, प्रश्न मिटला. पण पाणवठे मात्र दोनच राहिले. मोहिमेच्या नावातला 'एक' हा शब्द म्हणून महत्त्वाचा आहे.

फळा_आणि_खडू

'दोर कोणाचा' हा तिसऱ्या फलकाचा मथळा ठरला.

ओला_सुका

चौथा फलक कागद काच पत्राचा. १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना झाली. सुरुवात एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागातल्या शिक्षिकांनी केली, बाबा अध्यक्ष. श्रेयाचा प्रश्न इथेही आहे, @मस्जिदबंदर ओरडायच्या आत लिहून टाकलं.

पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. कारण वेचणारी बाई सोसायटीच्या आवारात दिसली की चोर. नव्वदच्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने ओळखपत्राला मान्यता दिली. ते कार्ड दिसायला किरकोळ, पण शहराने 'ही बाई काम करते' असं लिहून दिलं. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' संस्थेशी महापालिकेचा करार झाला, सभासद त्या बायकाच, आणि घरोघरचा कचरा त्या गोळा करू लागल्या.

गणित असं: दोघींच्या जोडीकडे २५०-३०० घरं. घरटी मासिक शुल्क अधिक सुक्याची विक्री, हे उत्पन्न. ओला महापालिकेच्या गाडीवर किंवा खताच्या खड्ड्याला. सुका शेडमध्ये नेऊन वेगळा करायचा: पुठ्ठा, पांढरा कागद, वर्तमानपत्र, कडक प्लास्टिक, पिशव्या, काच, पत्रा, प्रत्येकाचा भाव वेगळा. मिसळून विकलं तर सगळ्यात स्वस्त मालाचा भाव मिळतो.

म्हणून घरात आमटी पुठ्ठ्यावर सांडली की तो पुठ्ठा गेला. भंगारवाला ओल्या कागदाचं वजन धरत नाही, उलट घट कापतो. आणि बंद ट्रक लावून यंत्राने दाबलेला कचरा नेला की सुका त्यातच दाबला जातो, बाईचं निम्मं उत्पन्न ट्रकबरोबर जातं. 'यांत्रिकीकरण' ऐकलं की या संघटना दचकतात ते एवढ्यासाठी.

भुसारवाला

हे पटलं. आमच्या बाजारात सांडलेलं धान्य चाळणाऱ्या बायकांचंही तसंच असतं, हूक मारून पोती उचलली की भोकातून सांडतं, आणि ते झाडून, चाळून, माती-खडा काढून त्या विकतात. हूक वापरू नका सांगितलं की हमाल म्हणतो पकड मिळत नाही.

थप्पी_नंबर_चार

तागाच्या पोत्याला कान बांधले तर हूक लागत नाही. प्लास्टिकच्या विणीच्या पोत्याला कान राहत नाहीत आणि ते निसटतं, म्हणून हूक निघतो. पोतं कसलं आहे तेही करारात यायला हवं, येत नाही.

मीटर_डाऊन

रिक्षा पंचायतीबद्दल कोणी अक्षर लिहिलं नाही. दरवाढ झाली की प्रत्येक मीटर उघडून नव्या दराला लावायचं, रस्त्यावर चाचणी, मग सील. तोपर्यंत दरपत्रक दाखवून हिशेब, आणि तोपर्यंत रोज भांडण. यात पंचायतीचं काम मुदत आणि मीटरवाल्याचा दर ठरवून घेणं. हे वाचून कोणाचे डोळे पाणावणार नाहीत, तरी एक ओळ द्या.

ईशान्य_वारा

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या फुले वाड्यात, जोतिबांच्या घरी, मतदान यंत्रांविरुद्ध तीन दिवस उपोषणाला बसले, ९४ व्या वर्षी. ते का लपवताय? की वाचनालयाला चालणार नाही?

दक्षिण_वारा

ते गाळाच. कामगार चळवळ ठीक, पण निवडणुकीचा निकाल लागला की यंत्र वाईट, हे...

संपादक

यंत्रावर चर्चा करायला वेगळा धागा आहे, इथे नको. यापुढचे तीन प्रतिसाद उडवले आहेत.

नाना_पेठी

गाळू नका आणि ताणू नका. एक ओळ: 'नोव्हेंबर २०२४, फुले वाडा, आत्मक्लेश उपोषण, तीन दिवस.' बाजूला १९५२. मधे बहात्तर वर्षं. पन्नासहून अधिक वेळा तुरुंगात गेले त्याची तारीखवार यादी करायला गेलात तर फलक पुरणार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा, त्या साडेपंधरा वर्षांतही हे होतेच.

कलम_काढा

पाचवा फलक पेन्शनचा करा. शेवटची पंधरा-एक वर्षं त्यांनी हीच मागणी लावून धरली. अंगमेहनतीच्या माणसाला म्हातारपणी किमान वेतनाच्या निम्मं पेन्शन, आणि ते दोन हजारांहून कमी नको, अशी पेन्शन परिषद या मंचाची मागणी. केंद्राचा वाटा किती ते शेजारी लिहा: इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयाला महिन्याला २०० रुपये, ८० च्या पुढे ५००. राज्याची भर धरून महाराष्ट्रात २०२३ पासून १५००.

२००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यावर त्यांच्या बाजूच्या लोकांचा आक्षेप हाच होता की त्यात १९६९ सारखी लेव्ही नव्हती. लेव्ही असली तर पैसा कामातून येतो आणि कामगार तो हक्काने मागतो. नसली तर अर्थसंकल्पात दरवर्षी हात पसरायचा.

वाटाणा_फुटाणा

सगळ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी भांडले, स्वतः निवृत्त व्हायचं मात्र राहून गेलं.

फळा_आणि_खडू

पाच फलक झाले: वजन, मंडळ, दोर, कागद काच पत्रा, पेन्शन. सहाव्यावर भाकर. रिक्षा, नामांतर आणि फुले वाडा खालच्या पट्टीवर, तारखांसकट. अण्णासाहेबांचं नाव दुसऱ्या फलकावर पहिल्याच ओळीत. अखंड दारावर.

मधल्या वस्तूचं मात्र ठरलं नाही. ओळखपत्र, माथाडी मंडळाची पावती आणि पोतं, तीन नावं आली.

थप्पी_नंबर_चार

पोतं. पण एक नको, दोन ठेवा. शेजारी शेजारी, एक १०० किलोचं, एक ५० चं. मापं सांगतो: १०० किलोचं तागाचं पोतं सपाट ठेवलं तर ११२ बाय ६७.५ सेंटिमीटर, ५० किलोचं ९४ बाय ५७. मोठं जुन्या बारदानवाल्याकडे मिळेल, नवीन सहज मिळत नाही.

ज्वारी_मालदांडी

भरणार कशाने? खरं धान्य भरलंत तर जूनची हवा, पंधरा दिवसांत सोंडे.

भुसारवाला

वाळूही भरू नका. वाळू धान्याच्या दुपटीहून जड, १०० किलो वाळूत पोतं अर्धंही भरत नाही, बघणाऱ्याला वाटेल एवढंसंच होतं की. मोठ्यात भाताचं तूस भरा, घट्ट दाबून, फक्त आकारासाठी. वर चिठ्ठी लावा '१०० किलो'. ५० च्या पोत्यात मात्र खरी ज्वारी घाला, कडक उन्हात दोन दिवस वाळवलेली. ती मी देतो. प्रदर्शन संपल्यावर भाकर करा.

कलम_काढा

लोक उचलून बघणारच. जमिनीवरून उचलू देऊ नका, कोणाची तरी कंबर जाईल आणि वाचनालयाला भरपाई द्यावी लागेल. तुमच्याकडे माथाडी मंडळ नाही.

थप्पी_नंबर_चार

कमरेएवढ्या उंच बाकावर ठेवा, भिंतीपासून फूटभर पुढे, खाली लाकडी फळी. फरशीवर थेट ठेवलं तर ओल धरतं. ज्याला बघायचंय त्याने पाठ वळवून बाकाला टेकायचं, मान खाली, कान धरून अंगावर घ्यायचं, दोन माणसं दोन्ही बाजूंना उभी. चालायचं नाही, नुसतं उभं राहायचं. कान बांधताना कोपऱ्यात मूठभर ज्वारी ठेवून सुतळी दोनदा फिरवा, नाहीतर पहिल्याच माणसाच्या हातात सुटेल.

फळा_आणि_खडू

ठरलं. दाभण आणि सुतळी आहे. भुसारवाले, ज्वारी मेअखेरीस न्यायला येतो. हमाली कोणी द्यायची?

भुसारवाला

तुम्ही. पावती मिळेल.